स्पीच थेरपीत एम.एस्सी.चा प्रवेश कसा मिळतो? आणि कात्रपला त्याचा उपयोग काय?

जागा मोजक्या, परीक्षा वेगवेगळ्या आणि रोजचा प्रवास लांबचा. वाचोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या मुलामुलींसमोरचे पर्याय कोणते आणि या शिक्षणात काय बदलायला हवे, याविषयी...

कात्रपमधल्या आमच्या इमारतीत सध्या दोन घरांत एकाच विषयाची चर्चा चालू आहे. एक घर माझ्या बहिणीचे. तिची मुलगी बीएएसएलपी म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी ही पदवी पूर्ण करून इंटर्नशिपच्या शेवटच्या टप्प्यात आहे. ‘पुढे एम.एस्सी. करू की नोकरी धरू?’ हा तिचा प्रश्न. दुसरे घर वरच्या मजल्यावरचे. तिथला चार वर्षांचा मुलगा मोजकेच शब्द बोलतो. शाळेने आईवडिलांना सांगितले आहे की घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, म्हणजे तो बोलेल. हा सल्ला चुकीचा आहे, हे त्यांना सांगणारा तज्ज्ञ त्यांना अजून भेटलेला नाही.

पहिल्या घराला प्रवेश हवा आहे, दुसऱ्याला उपचार. या दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटत का नाहीत, ते समजून घ्यायचे तर या शिक्षणाची वाट नीट पाहावी लागेल.

वाचोपचारतज्ज्ञ नेमके काय करतात?

‘स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबड्या मुलांना बोलायला शिकवणारे’ एवढीच अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात हे काम जन्मापासून म्हातारपणापर्यंत पुरते. उशिरा बोलणारी मुले, स्वमग्न मुले, ऐकू न येणारी मुले, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुले, अडखळत बोलणारे तरुण, आवाज बसलेले शिक्षक आणि गायक, पक्षाघातानंतर शब्द हरवून बसलेले आजोबा, मेंदूच्या आजारामुळे घास नीट गिळता न येणारे रुग्ण, हे सगळे त्यांच्याकडे येतात. गिळण्याची तपासणी चुकली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे हे काम नुसते ‘उच्चार सुधारण्याचे’ नाही.

२०११च्या जनगणनेत देशात बोलण्याचे अपंगत्व असलेल्या सुमारे २० लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यात महाराष्ट्रातील सुमारे पावणेपाच लाख होत्या. ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या देशात ५० लाखांहून अधिक होती. त्या जनगणनेत स्वमग्नतेचा वेगळा रकाना नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यात स्वमग्नता आली आणि वाचा व भाषा दिव्यांगत्वही स्वतंत्रपणे आले. पण त्याची कायद्यातली व्याख्या कायमस्वरूपी अपंगत्वापुरती आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलासारखी, नुसती उशिरा बोलणारी मुले त्या व्याख्येत बसत नाहीत. उपचाराची गरज मात्र त्यांनाही असते, आणि वेळेत मिळाला तर त्यांना उपयोगही चांगला होतो.

पदवीवर काम करता येते, मग एम.एस्सी. कशासाठी?

हा प्रश्न आधी सोडवायला हवा, कारण अनेक घरांत तो विचारलाच जात नाही. भारतात बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी आहे. त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. ती पूर्ण झाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी करून वाचोपचार आणि श्रवण तपासणी ही दोन्ही कामे करता येतात. आरसीआयचा कायदा १९९२चा आहे. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

म्हणजे बदलापुरात दवाखाना काढण्यासाठी एम.एस्सी. लागत नाही. ती लागते अध्यापनासाठी, संशोधनासाठी आणि मोठ्या रुग्णालयांतील वरिष्ठ पदांसाठी. शिवाय एखाद्या गुंतागुंतीच्या विषयात, उदाहरणार्थ पक्षाघातानंतरचा वाचाघात, गिळण्याचे विकार किंवा न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांच्या व यंत्रांच्या आधारे संवाद, यांत खोलवर जायचे असेल तरही ती उपयोगी पडते. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यात क्लिनिकमधले काम असते आणि शोधनिबंधही असतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. पदवीत ऑडिओलॉजी म्हणजे श्रवणशास्त्र आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी म्हणजे वाचा-भाषा हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. पदव्युत्तर पातळीवर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. श्रवणयंत्रे, कानाच्या चाचण्या यांत रस आहे की भाषा, उच्चार, आवाज, गिळणे यांत, हे अर्ज भरण्याआधी ठरवावे लागते. माझी भाची म्हणते, “मावशी, वर्गातल्या बऱ्याच मुली जिथे नंबर लागेल तिथे जाणार. विषय नंतर बघू म्हणतात.” नंतर पाहण्यासारखा हा विषय नाही. पुढची तीस वर्षे रोज काय करायचे, ते त्यावर ठरते.

महाराष्ट्रात प्रवेशाचे मार्ग कोणते?

सरळ एकच परीक्षा दिली आणि यादीत नाव आले, असे इथे होत नाही. मार्ग ढोबळमानाने तीन आहेत.

पहिला मार्ग राज्याचा. महाराष्ट्राचा सीईटी कक्ष ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या एम.एस्सी.साठी सामाईक प्रवेश परीक्षा घेतो. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि कृत्रिम अवयवशास्त्र यांच्या पदव्युत्तर परीक्षांबरोबरच तिची सूचना निघते. अनेक मुलांची ही सूचना नजरेतून निसटते, कारण मथळ्यात फिजिओथेरपीचे नाव आधी असते. राज्यातले जुने आणि नावाजलेले शिक्षण केंद्र म्हणजे मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ऑडिओलॉजी व स्पीच थेरपी स्कूल.

दुसरा मार्ग राष्ट्रीय संस्थांचा. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. ती केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था त्याहून जुनी, १९६५ची. ती आरोग्य मंत्रालयाची आहे. प्रवेशासाठी ती स्वतःची राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा घेते. या क्षेत्रात तिचे नाव देशात सर्वाधिक मानाने घेतले जाते, आणि अर्थातच स्पर्धाही तशीच असते.

तिसरा मार्ग खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. पुण्याचे भारती विद्यापीठ, कर्नाटकातले मणिपाल, चेन्नईचे श्री रामचंद्र ही त्यातली परिचित नावे. त्यांच्या प्रवेशाच्या पद्धती आणि शुल्क वेगवेगळे असतात. शुल्काचा आकडा पाहिल्यावर अनेक घरांत चर्चा तिथेच थांबते.

परीक्षांचा अभ्यासक्रम मात्र बहुतेक सारखाच असतो. पदवीच्या चार वर्षांतलेच विषय येतात. बोलण्या-ऐकण्याच्या इंद्रियांची रचना, ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान, मुलांचा भाषाविकास, आवाज व ओघवत्या बोलण्याचे विकार, वाचाघात, श्रवण चाचण्या आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख. त्यामुळे अभ्यास एकच, अर्ज तीन ठिकाणी, असे नियोजन शक्य असते. प्रत्येक संस्थेची गुणांची अट, आरक्षण आणि कागदपत्रे यांत फरक असतो. त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक वाचणे याला पर्याय नाही. मागच्या वर्षीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज म्हणजे माहितीपत्रक नव्हे.

जागा इतक्या कमी का?

गरज एवढी आणि एकेका अभ्यासक्रमाच्या जागा मात्र वर्गातले दोन-तीन बाक भरतील एवढ्याच, असे का? याचे कारण या शिक्षणाच्या स्वरूपात आहे. अभियांत्रिकीच्या वर्गासारखे साठ मुलांपुढे फळ्यावर शिकवून वाचोपचारतज्ज्ञ तयार होत नाही. विद्यार्थी रुग्णासमोर बसतो, मागे अनुभवी तज्ज्ञ असतो. कुठला शब्द निवडला, मुलाने न बोलता बोट दाखवले तेव्हा किती थांबला, हे सगळे तपासले जाते. त्यामुळे किती अध्यापक आहेत आणि किती प्रकारचे रुग्ण येतात, यावर आरसीआय जागा ठरवते.

यातून एक चक्र तयार होते. एम.एस्सी. झालेले कमी, म्हणून अध्यापक कमी. अध्यापक कमी, म्हणून जागा कमी. जागा कमी, म्हणून पुन्हा एम.एस्सी. झालेले कमी. त्यातले काही परदेशी जातात. उरलेल्यांपैकी बहुतेक मुंबई-पुण्यात राहतात. उपनगरी गाडीच्या शेवटच्या स्थानकांपर्यंत त्यांतले कितीसे पोहोचणार?

बदलापूरहून शिकण्याची किंमत काय?

बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. कात्रपमधून शेअर रिक्षाने स्थानक, तिथून लोकलने दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे आणि तिथून पुन्हा बस किंवा पायपीट. गाडी वेळेवर असली तरी दादरपर्यंतच सव्वा तास जातो. एका बाजूला दोन तास धरले तर दिवसाचे चार. क्लिनिक सकाळी सुरू होते, त्यामुळे पहाटेची गाडी. संध्याकाळी परत येऊन शोधनिबंध लिहायचा. हे दोन वर्षे.

वसतिगृह मिळाले तर प्रश्न हलका होतो. पण ‘मुंबईतच राहता ना तुम्ही?’ असे विचारले जाते तेव्हा बदलापूरकराकडे उत्तर नसते. कागदावर आपण महामुंबईचे, प्रत्यक्षात रोज तिथे जाऊन येणारे.

या व्यवसायाच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे. तेवीस-चोविसाव्या वर्षी एम.एस्सी.चा प्रश्न येतो, आणि नेमक्या त्याच वर्षी घरात दुसराही विषय निघतो. आमच्याकडेही निघाला. ‘पदवी आहे, नोंदणी होणार आहे, इथेच दवाखाना काढ, लग्नाचेही बघता येईल,’ असे मोठ्यांचे मत. ते वाईट हेतूने दिलेले नाही. पण मुलाला आणखी दोन वर्षे शिकायचे असते तेव्हा हेच गणित मांडले जाते का, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

हाच प्रवास रुग्णांनाही करावा लागतो, हे विसरता कामा नये. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. तिथे नोडल संस्था म्हणून काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते. पण शस्त्रक्रियेने कान ‘चालू’ होतो, भाषा येत नाही. ती येण्यासाठी पुढे दीर्घकाळ नियमित थेरपी लागते. घराजवळ तज्ज्ञ नसेल तर आईला नोकरी सोडून मुलाला कडेवर घेऊन लोकलने जावे लागते. काही महिन्यांनी फेऱ्या कमी होतात, मग बंद होतात. लाखो रुपयांचे यंत्र कानामागे राहते आणि मूल मुकेच राहते.

परीक्षा काय मोजत नाही?

आता माझा मुख्य मुद्दा. प्रवेश परीक्षा पुस्तकातले ज्ञान मोजते आणि ते मोजायलाच हवे. पण या कामाचा अर्धा भाग पुस्तकात नाही. तो रुग्णाच्या घरच्या भाषेत आहे.

कात्रपच्या एखाद्या बालवाडीत उभे राहा. इथल्या मूळ आगरी घरातले मूल ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणेल, ‘पाणी’ला ‘पानी’. खानदेशातून किंवा विदर्भातून आलेल्या घरातले मूल ‘शाया’ म्हणेल, ‘डोळा’ला ‘डोया’. कोकणातल्या घरातले मूल ‘ळ’ स्वच्छ म्हणेल, पण अनुनासिक बोलेल. यांतले एकही मूल आजारी नाही. ती त्यांची बोली आहे. पण प्रमाण मराठी एवढेच ठाऊक असलेला नवखा तज्ज्ञ ‘ळ’ येत नाही म्हणून मुलाला महिनाभर आरशासमोर बसवू शकतो. उलटही होते. खरोखरच उच्चाराचा दोष असलेल्या मुलाला ‘गावाकडचे बोलतो, सुधारेल’ म्हणून घरी पाठवले जाते.

मराठीत ‘चार’ मधला ‘च’ आणि ‘चाक’ मधला ‘च’ वेगळा आहे. लिपीत तो दिसत नाही, कानाला कळतो. हिंदी किंवा इंग्रजीतून आलेल्या चाचणीत हा फरक तपासायला जागाच नसते.

एक स्थानक पुढे अंबरनाथ आणि त्यापुढे उल्हासनगर. फाळणीनंतर लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांचे हे शहर. सिंधीत श्वास आत ओढून काढायचे चार ध्वनी आहेत, जे मराठी-हिंदीत नाहीत. पक्षाघात झालेल्या एखाद्या सिंधी आजोबांची वाचा हिंदीतूनच तपासली तर त्यांना किती येते ते कळणारच नाही. एकापेक्षा जास्त भाषा येणाऱ्या माणसाच्या वाचाघातात सगळ्या भाषा सारख्याच परत येतात असे नाही. कधी लहानपणीची भाषा आधी येते, कधी रोज वापरातली. हे तपासायचे तर ती भाषा समजणारा माणूस हवा, किमान घरच्यांना बरोबर घेऊन तपासण्याची रीत तरी ठाऊक हवी.

आणि वरच्या मजल्यावरचे मूल? दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते, हा समज संशोधनाने कधीच मागे टाकला आहे. भाषेची अडचण असलेल्या मुलाशीही घरच्यांनी आपल्या भाषेतच बोलावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. कारण आई ज्या भाषेत गोष्ट सांगते, रागावते, लाड करते, त्या भाषेत ती मुलाला सर्वांत जास्त देऊ शकते. मोडक्या इंग्रजीत ‘कम, सिट, ईट’ एवढेच बोलणारे घर मुलाला भाषा देत नाही, आज्ञा देते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही असाच ‘घरी इंग्रजीच बोला’ हा सल्ला मिळत आला आहे. तिथे तो निदान समजण्यासारखा होता. कात्रपमध्ये तो मिळावा, याचे वाईट वाटते.

मग परीक्षा बदलायची का?

काही जण म्हणतील, मग बोली येणाऱ्यांना प्रवेशात गुण द्या, मुलाखती घ्या. मला ते पटत नाही. मुलाखत आली की सफाईदार इंग्रजी बोलणारा पुढे जातो, हा आपला अनुभव आहे. गुणांच्या यादीने निदान बदलापूरच्या मुलीला आणि दक्षिण मुंबईच्या मुलीला एकाच रांगेत उभे केले आहे. ती रांग मोडू नये. बदलायला हवे ते प्रवेशानंतरचे शिक्षण.

पहिली मागणी : पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाचा ठरावीक भाग मुंबईबाहेरच्या रुग्णालयांत आणि शाळांत व्हावा. उल्हासनगरला शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. बदलापूर, अंबरनाथमध्ये पालिकांच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. आठवड्यातून एक दिवस दोन विद्यार्थी आणि एक अध्यापक इथे आले तर विद्यार्थ्यांना पुस्तकात नसलेली भाषा ऐकायला मिळेल आणि इथल्या मुलांना तपासणी मिळेल. देखरेखीचा नियम मोडण्याची गरज नाही. देखरेख करणाऱ्यानेच लोकल पकडायची आहे.

दुसरी मागणी : शोधनिबंधांसाठी आपल्या बोली घ्याव्यात. आगरी घरातले मूल कोणत्या वयात कोणते ध्वनी बोलू लागते, अहिराणी-मराठी अशा दोन्ही बोलणाऱ्या मुलाची शब्दसंख्या कशी वाढते, कातकरी वाडीतल्या मुलाची चाचणी कशी घ्यावी, हे विषय संशोधनाला लहान नाहीत. वर्षाला असे दोन-चार निबंध झाले तरी दहा वर्षांत उपयोगी साहित्य जमेल.

तिसरी मागणी : पदे. केंद्राचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, विकासातील विलंबही त्यात येतो. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे आणि तिथे वाचा व श्रवण तज्ज्ञ असावा, अशी त्याची रचना आहे. रचना चांगली आहे. पण ठाणे जिल्हा म्हणजे एक शहर नव्हे. बदलापूरच्या आईसाठी जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे पुन्हा एक लोकल. अंबरनाथ तालुक्याला स्वतःचा एक कायम वाचोपचारतज्ज्ञ मिळाला, तर एम.एस्सी. करून परत यावे असे मुलींना वाटेल. कंत्राटी, अकरा महिन्यांच्या, दरवर्षी नूतनीकरणाच्या पदासाठी कोणी परत येत नाही.

परदेशी जायचे असेल तर?

हा पर्याय अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे गणितही समजून घेतलेले बरे. अमेरिकेत पदवीवर वाचोपचारतज्ज्ञ म्हणून काम करता येत नाही, पदव्युत्तर शिक्षण लागतेच. अनेक विद्यापीठांचे अर्ज एका सामाईक ऑनलाइन व्यवस्थेतून जातात. त्यात गुणांबरोबर शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचा लेख मागतात. तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचे क्लिनिकचे काम लागते. त्यातले २५ तास निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे. शिवाय एक राष्ट्रीय परीक्षा, आणि पदवीनंतर किमान ३६ आठवड्यांचे देखरेखीखालचे काम.

म्हणजे खर्च फक्त दोन वर्षांच्या शुल्काचा नाही. कर्ज काढून जाणाऱ्याने तिसऱ्या वर्षाचाही हिशेब धरावा. जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इथे पद नाही आणि तिथे आहे, एवढे साधे कारण त्यामागे असते.

अर्ज भरण्याआधी काय पाहावे?

पहिले, संस्था आणि अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आरसीआयच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ याचा अर्थ मान्यता नाही.

दुसरे, ‘तीन महिन्यांत स्पीच थेरपिस्ट व्हा’ अशा जाहिरातींपासून दूर राहा. बारावी विज्ञाननंतर एक वर्षाचा मान्यताप्राप्त डिप्लोमा आहे, पण तो साहाय्यक तयार करतो. स्वतंत्र तज्ज्ञ तयार करत नाही.

तिसरे, इंटर्नशिपमध्ये पाहिलेल्या रुग्णांची स्वतःची वही ठेवा, नावे न लिहिता. काय तपासले, काय चुकले, काय जमले. परीक्षेच्या अभ्यासाला आणि पुढे शोधनिबंधाचा विषय शोधायला तीच वही उपयोगी पडते.

चौथे, मन द्विधा असेल तर एक वर्ष काम करून मग अर्ज करण्यात कमीपणा नाही. कुठला रुग्ण आला की आपल्याला घरी जायची घाई होत नाही, हे कामातच कळते.

पाचवे, पालकांसाठी. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल, तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले होते’ म्हणून थांबू नका. आधी कानाची तपासणी करा. तज्ज्ञाकडे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. तो विचारणे उद्धटपणाचे नाही.

आमच्या इमारतीत

माझ्या भाचीने शेवटी ठरवले आहे की राज्याची सीईटी आणि म्हैसूरची परीक्षा दोन्ही द्यायच्या आणि विषय वाचा-भाषाच घ्यायचा. नंबर लागला नाही तर वर्षभर इथे काम करून पुन्हा बसायचे. बहिणीने ‘बरं’ म्हटले आहे. लग्नाचा विषय दिवाळीपर्यंत बाजूला ठेवला आहे.

मागच्या रविवारी ती वरच्या मजल्यावर गेली. तिची नोंदणी अजून व्हायची आहे, म्हणून तिने उपचार केले नाहीत, तसे तिने त्यांना आधीच सांगितले. मुलाच्या आईला एवढेच म्हणाली, “ताई, आधी कानाची तपासणी करून घ्या. आणि घरी जसं बोलता तसंच बोला त्याच्याशी. मराठीत.” आई जळगावकडची. तिने थोडे लाजत विचारले, “आमची मराठी शुद्ध नाही. अहिराणी चालेल का?”

ती चालते, हे सांगणारा माणूस त्या घरी चार वर्षांत पहिल्यांदा पोहोचला, आणि तोही शेजारी राहतो म्हणून. पुढची भेट कोणाची, हे अजून ठरलेले नाही. कानाच्या तपासणीसाठी त्यांना मुंबईची तारीख घ्यायची आहे, वडिलांची सुट्टी मिळेल त्या दिवसाची.